जेवल्याचं विसरतात, ओरडल्याचं विसरत नाहीत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं सगळं कशाबद्दल चाललंय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. सासूबाई 74 वर्षांच्या. माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर भागातलं. 1972 साली लग्न होऊन इंदुरात रामबागेत आल्या. गेल्या दीड वर्षापासून दुपारचं जेवण होऊन अर्धा तास झाला की "आज मला जेवायला नाही का द्यायचं?" विचारतात. पण लहानपणी ग्वाल्हेरच्या मेळ्यात हरवल्याची गोष्ट फ्रॉकच्या रंगासकट सांगतात. सांभाळायला येणाऱ्या बाई एकदा त्यांच्यावर ओरडल्या. तो प्रसंग त्यांना अजिबात आठवत नाही, तरी तेव्हापासून त्या बाईंच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. दिवसभर खुर्चीत बसून असतात. पोळी मात्र अजून गोल लाटतात. एमआरआयच्या रिपोर्टात हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतली नवी आठवण टिपणारी जागा, आकसल्याचं लिहिलंय, ग्रेड 2. आणि तुमच्या यजमानांचं म्हणणं, "आईला सोयीचं तेवढं बरोबर लक्षात राहतं." शेवटी विचारलंय की फेब्रुवारीत ग्वाल्हेरला भाच्याच्या मुलाची मुंज आहे, तिथे न्यावं का, नाहीतरी विसरणारच.

यजमानांच्या वाक्यापासून सुरू करते, कारण घरातली निम्मी भांडणं त्याच वाक्यावरून होतात. इंदुरात 1996 पासून न्यूरॉलॉजी करतेय, आणि "नाटक करतात" हे मी जवळजवळ प्रत्येक अशा घरात ऐकलंय. ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं, कारण आपण स्मरणशक्ती म्हणजे एकच वस्तू समजतो: एकतर शाबूत, नाहीतर गेलेली. मेंदूत तसं काही नाही. जेवण झालं हे टिपणारी जागा वेगळी, माणसाची भीती टिपणारी वेगळी, पोळी लाटणारी वेगळी आणि खुर्चीतून उठवणारी चौथीच. सासूबाईंच्या यातल्या दोन जागा आजारी आहेत, दोन बऱ्यापैकी चालू. नाटक करायचं म्हटलं तर इतकं बिनचूक नाटक त्यांना शरीररचनाशास्त्र शिकूनच करावं लागेल.

या जागा मेंदूच्या आत, मधोमध, एका कडेला धरून आहेत. महेश्वरी साडीला काठ असावा तसा मेंदूच्या खालच्या देठाभोवती एक काठ आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1878 साली त्याला लॅटिनमधल्या 'काठ' या शब्दावरूनच नाव दिलं, लिम्बिक. 1937 मध्ये जेम्स पापेझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने या काठातल्या भागांचं एक वर्तुळ आखलं आणि भावना याच वर्तुळात फिरून तयार होतात असं मांडलं. त्याच्या पुराव्यांत एक आपल्याकडच्या डॉक्टरांना चटकन पटेल असा होता: पिसाळलेलं कुत्रं चावून माणूस मरतो तेव्हा शेवटी भीती आणि क्षोभ इतका टोकाचा असतो, आणि त्या विषाणूच्या खुणा हिप्पोकॅम्पसमध्ये ठळक सापडतात. गंमत म्हणजे पापेझचं वर्तुळ आज आपण भावनेपेक्षा स्मरणासाठी जास्त वापरतो. माणूस भावना शोधायला गेला आणि स्मृतीचा रस्ता आखून आला. पण ही चूक उगाच झाली नाही. तिथे दोन्ही इतक्या गुंतलेल्या आहेत की एक ओढली की दुसरी हलते.

आता जेवणाचं. कानाच्या साधारण पातळीवर, मेंदूच्या आतल्या बाजूला, डावा-उजवा असे दोन हिप्पोकॅम्पस. बोटाच्या दोन पेरांएवढी लांबी, आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणूनच हे ग्रीक नाव. त्याचं काम काय ते जगाला कळलं एका दुर्दैवी शस्त्रक्रियेमुळे. 1953 मध्ये अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल या सर्जनने हेन्री मोलेसन नावाच्या 27 वर्षांच्या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग काढला. झटके कमी झाले. पण त्या दिवसापासून 2008 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला नवीन असं काही लक्षात ठेवता आलं नाही. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाई त्याला वर्षानुवर्षं तपासत राहिल्या आणि दर भेटीत तो त्यांना पहिल्यांदाच भेटत असे. बुद्धी चांगली, बोलणं सभ्य, लहानपणच्या आठवणी जागच्या जागी. फक्त "आत्ता" नंतर काही साठत नव्हतं.

तुमच्या सासूबाईंचं तेच, सौम्य प्रमाणात. त्या जेवण विसरत नाहीत. विसरायला आधी नोंद व्हावी लागते, आणि इथे नोंदच झाली नाही. म्हणून "अहो आई, आत्ताच तर वरण-भात खाल्लात, आठवा जरा" यात त्यांना सापडण्यासारखं काही नाही. कोऱ्या पानावर काय शोधणार? उलट आपण काहीतरी चुकतोय एवढं त्यांना कळतं, आणि तेवढंच पुढे टिकतं. ते कसं, ते पुढे सांगते.

ही नोंद बंद पडणं कसं दिसतं ते एकदा डोळ्यांसमोर पाहिलं की शंका राहत नाही. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका निवृत्त शिक्षकांना घरच्यांनी गाडीत घालून आणलं. ओंकारेश्वरी पहाटे नर्मदेच्या थंड पाण्यात बुडी मारून बाहेर आले आणि विचारू लागले, "आपण इथे कसे आलो?" सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा, त्याच सुरात, त्याच हातवाऱ्यासह, "आपण इथे कसे आलो?" माझ्यासमोर तासाभरात किती वेळा विचारलं ते मोजणं मी सोडून दिलं. बायकोचं नाव ठाऊक, शाळेचं ठाऊक, रामरक्षा पाठ. दुपारपर्यंत आपोआप ठीक झाले. तेवढ्या सहा-सात तासांचं पान मात्र कायमचं कोरं राहिलं. याला आम्ही तात्पुरता स्मृतिलोप म्हणतो. साधारण पन्नाशी-सत्तरीत होतो, थंड पाणी, फार श्रम किंवा मोठा धक्का निमित्त ठरतो, आणि नंतर केलेल्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसमध्ये कधीकधी टिकलीएवढा ठिपका दिसतो. सासूबाईंचं हे नव्हे. त्यांचं हळूहळू आलंय आणि ते पुसून जाणारं नाही. पण यंत्र तेच.

मेळ्यातली गोष्ट मग शाबूत कशी? थिओड्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1881 मध्येच लिहून ठेवलंय की स्मृती जाताना ताजी आधी जाते, जुनी शेवटी. हिप्पोकॅम्पस हा कायमचा गोदामपाल नाही. तो नोंद घेतो, बांधतो, आणि वर्षं जातील तशी ती आठवण मेंदूच्या वरच्या थरात ठिकठिकाणी मुरते. शिवाय मेळ्यातली गोष्ट त्यांनी आयुष्यात किती वेळा सांगितली असेल! दर वेळी सांगताना ती पुन्हा लिहिली गेली. (म्हणूनच फ्रॉकच्या रंगाची मी खात्री देणार नाही. सांगून सांगून आठवण घट्ट होते, तसा तिच्यात थोडा मसालाही पडतो.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी सात-आठ वर्षांची पोर जीव मुठीत धरून रडली होती. भीतीने ती आठवण कोरली.

ही कोरणारी गाठ हिप्पोकॅम्पसच्या अगदी पुढ्यात आहे, बदामाएवढी आणि बदामासारखी. अमिग्डाला. भीती, धोका, आणि "हे महत्त्वाचं आहे" असा शिक्का मारणं हे तिचं काम. भावना उसळली की अमिग्डाला शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जणू सांगते, हे जाड अक्षरांत लिही. म्हणून परवाचं वरण-भात कुणालाच आठवत नाही, तुम्हालाही नाही. पण 1984 मध्ये राजवाडा जळाला त्या दिवशी आपण कुठे होतो हे त्या वयाचा इंदूरकर लगेच सांगतो.

आता तुमच्या त्या बाईंचं कोडं. 1911 मध्ये जिनिव्हाच्या एडुआर क्लापारेद या डॉक्टरने एक किंचित दुष्ट प्रयोग केला होता. त्याची एक रुग्ण बाई, नवीन काहीच लक्षात न राहणारी. त्याने एक दिवस बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. टोचलं. थोड्या वेळाने ती विसरली. पुढच्या वेळी त्याने हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. "कुणाकुणाच्या हातात टाचणी असते" असं काहीतरी म्हणाली.

1995 मध्ये अमेरिकेत याचीच नीट मोजणी झाली. ठरावीक रंगाचं चित्र दाखवायचं आणि मागोमाग कर्कश भोंगा वाजवायचा. ज्याचा हिप्पोकॅम्पस निकामी होता त्याला पुढे तो रंग दिसताच तळहाताला घाम सुटे, पण भोंगा कशानंतर वाजतो ते सांगता येत नसे. ज्याची अमिग्डाला निकामी होती तो सगळं बरोबर सांगे आणि हात कोरडा ठणठणीत. एकाला माहिती आहे, भीती नाही. दुसऱ्याला भीती आहे, माहिती नाही. सासूबाई या दुसऱ्या. ओरडणं कोऱ्या पानावर पडून वाहून गेलं, पण बदामावर ओरखडा राहिला. 2014 मध्ये आयोवात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी दृश्यं दाखवून हेच आढळलं. दृश्यं विसरली, मनाची अवस्था कितीतरी वेळ तशीच राहिली.

त्यामुळे त्या बाईंना माफी मागायला लावून उपयोग नाही. कशाबद्दलची माफी ते सासूबाईंना कळणार नाही, आणि चेहरा तोच समोर येईल. एकतर काही आठवडे आंघोळ, औषधं, केस विंचरणं ही जबरदस्तीची वाटणारी कामं तुम्ही करा आणि बाईंच्या वाट्याला फक्त गोड गोष्टी द्या: सकाळचे पोहे जिरावण घालून त्यांनी आणावेत, गजरा त्यांनी आणावा, संध्याकाळी दिव्यापाशी त्यांनी बसावं. नवा ठसा जुन्यावर बसतो, पण हळू. महिन्याभरात फरक नाही पडला तर दुसरी बाई बघा. यात कुणाचा अपमान नाही.

पोळीचं उत्तर छोटं आहे. हाताची सवय ही मेंदूच्या तळाच्या गाठी आणि लहान मेंदू सांभाळतात, त्यांना अल्झायमरसारख्या आजारात उशिरा झळ पोहोचते. हेन्री मोलेसनला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर तीन दिवसांत हात बसला, आणि रोज म्हणायचा, हे मी पहिल्यांदाच करतोय. फक्त एक सांगते. पोळी लाटणं आणि स्वयंपाक करणं यात फरक आहे. काय आधी, काय नंतर, मीठ घातलं की नाही, हे कपाळामागच्या भागाचं काम. तेव्हा लाटणं त्यांच्या हातात राहू द्या, गॅस राहू देऊ नका. त्यातही हिप्पोकॅम्पसच्या दारातला जो पट्टा या आजारात सगळ्यात आधी बिघडतो, तो वासाच्या रस्त्याला लागून आहे. करपलेलं दूध किंवा सुटलेला गॅस त्यांना कळेलच असं नाही. एकदा लवंग आणि कॉफी डोळे मिटून ओळखायला द्या, तुमचं तुम्हालाच कळेल.

आता खुर्ची. तुमच्या प्रश्नात यावर एकच वाक्य आहे, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते, कारण घरोघरी याला आळस म्हणतात, आणि डॉक्टरही घाईत असले तर डिप्रेशनची गोळी लिहून मोकळे होतात.

1954 मध्ये माँट्रियलमध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि खटका दाबला की तिथे विजेचा हलका झटका बसेल अशी सोय केली. उंदीर तासाला शेकडो वेळा खटका दाबत राहिले. सगळ्यांना वाटलं, सुखाचं केंद्र सापडलं. पुढे या रस्त्यातलं रसायन डोपामिन आहे हे कळल्यावर डोपामिन म्हणजे सुख असं समीकरण झालं, आणि आजही मोबाइलवर तेच फिरतंय. पण केंट बेरिज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांचं डोपामिन जवळपास संपवून पाहिलं. तोंडात साखरपाणी सोडलं की ते पूर्वीसारखेच मिटक्या मारत. म्हणजे चव शाबूत, सुख शाबूत. पण समोर ठेवलेल्या अन्नापर्यंत चालत जात नसत. भरवलं नाही तर उपाशी मेले असते. आवडणं आणि हवंसं वाटणं ही दोन वेगळी यंत्रं आहेत, हे तिथून कळलं.

हे वाचून खुर्चीकडे बघा. वाटीत श्रीखंड देऊन चमचा हातात दिला तर त्या खातील आणि चेहरा खुलेल. पण फ्रिजमध्ये श्रीखंड आहे असं सांगितलं तर उठणार नाहीत. उठवणारी तार म्हणजे मेंदूच्या तळातून न्यूक्लियस अकम्बेन्स या गाठीकडे आणि तिथून कपाळामागच्या सिंग्युलेट पट्ट्याकडे जाणारी वाट. ती मंदावली आहे. याला आम्ही निरिच्छता म्हणतो. डिप्रेशनमध्ये माणूस आतून पोळत असतो, रडतो, "मी तुम्हाला ओझं झाले" म्हणतो. निरिच्छतेत स्वतः माणूस शांत असतो, त्रास घरच्यांना होतो. हा फरक महत्त्वाचा, कारण डिप्रेशनच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी निरिच्छता वाढलेलीही मी पाहिली आहे. सासूबाई रडतात का, झोप उडाली आहे का, मरणाचं बोलतात का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं सांगा.

आणि प्रश्न विचारणं बंद करा. "आई, फिरायला येता का?" याचं उत्तर "नको" हेच येणार, कारण हो म्हणायला जी उसळी लागते तीच नाही. चपला पायाशी ठेवा, हात धरा, "चला" म्हणा. दाराबाहेर पडल्यावर त्या रमतात की नाही ते बघा. बहुतेक रमतील.

डोपामिन जास्त झालं तर काय होतं तेही ओघात सांगून टाकते, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. कंपवाताच्या काही गोळ्या, प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारख्या, याच वाटेवर काम करतात. माझ्या एका रुग्णाने, आयुष्यभर पै-पै जपलेल्या माणसाने, रात्र-रात्र मोबाइलवर रमी खेळून मोठी रक्कम घालवली. घरच्यांनी लाजेपोटी सहा महिने मला सांगितलंच नाही. गोळी हळूहळू कमी केली आणि ते वेड उतरलं. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, पण सांगायला लाजूही नका.

संध्याकाळी त्या "मला घरी जायचंय" म्हणतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आज ना उद्या म्हणतील. दिवस-रात्रीचं घड्याळ हायपोथॅलॅमसमध्ये असतं, ते या आजारात सैल होतं. दुपारी लांब झोपू देऊ नका, सकाळचं ऊन अंगावर घ्या, पाच वाजताच घरातले दिवे लावा. आणि "हेच तुमचं घर" असा वाद घालू नका. त्यांना पत्ता नकोय, ओळखीचं वाटणं हवंय.

रिपोर्टाबद्दल दोन शब्द. हिप्पोकॅम्पस किती आकसलाय त्याचा ग्रेड 0 ते 4 असा असतो. 75 वर्षांच्या आतल्या माणसात 2 हा वयापेक्षा जास्त धरतात, त्याच्या पुढे तोच 2 चालून जातो. तुमच्या सासूबाई बरोबर उंबऱ्यावर आहेत. म्हणजे नुसत्या फोटोवरून अल्झायमर म्हणता येणार नाही, तुम्ही सांगितलेल्या लक्षणांसकट बहुधा तिकडेच बोट जातं. तरी बी-12, थायरॉइड, सोडियम पाहिलं आहे का? ऐकू नीट येतं का? जे ऐकलंच नाही ते लक्षात कसं राहणार? शिवाय घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा, झोपेच्या, लघवी रोखण्याच्या, सर्दीच्यासुद्धा. यातल्या बऱ्याच जुन्या गोळ्या स्मृतीला लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायनच दाबतात. डोनेपेझिल हे अल्झायमरचं नेहमीचं औषध नेमकं तेच रसायन थोडं वाढवतं. एका हाताने ते देऊन दुसऱ्या हाताने या जुन्या गोळ्या द्यायच्या, असं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पिशवी बघितल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाही. डोनेपेझिलने आजार थांबत नाही. काहींना काही महिने थोडं सावरतं, इतकीच अपेक्षा ठेवा.

आता मुंज. जरूर न्या. रात्रीची गाडी नको. अंधारात डबा, अनोळखी बर्थ, मध्येच जाग, यात त्या बिथरतील. दिवसाउजेडी जा. घरची चादर आणि नेहमीचा पाण्याचा तांब्या बरोबर घ्या. लष्करातल्या घरी त्यांची खोली संडासाजवळची मागून घ्या आणि रात्रभर मंद दिवा राहू द्या. मांडवात एक माणूस फक्त त्यांच्यासाठी ठेवा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा की "ओळखलंत का मला?" विचारायचं नाही, जवळ येऊन नाव सांगायचं: "मावशी, मी अमक्याचा धाकटा." दोन तासांनी गर्दीतून बाजूला बसवा. अचानक झोपाळू झाल्या, भास होऊ लागले, ताप आला, तर तो आजाराचा पुढचा टप्पा समजू नका. बहुतेकदा लघवीचं इन्फेक्शन किंवा पाणी कमी पडणं असतं, त्याच दिवशी दाखवा.

परतल्यावर "आपण कुठे जाऊन आलो, सांगा बघू" असं कुणी विचारू नका, विशेषतः यजमानांनी. फोटो समोर ठेवा आणि नावं तुम्हीच घेत जा.